ठिपके रेषेवर बसत नाहीत? कागद नका बदलू, कोष्टक बघा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या रामबागेतल्या घराच्या ओसरीवर दरवर्षी एकच तक्रार येते, फक्त आवाज बदलतात. "काकू, पॉइंट लाइनवर येतच नाहीयेत." "काकू, मेरी लाइन टेढी आली." इंदूरच्या मराठी घरांतली मुलं एका वाक्यात दोन भाषा बसवतात, त्याला माझा इलाज नाही, मीही तशीच बोलते.

प्रसंग ठरलेला असतो. आलेख काढायला समीकरण दिलेलं, त्यावरून क्ष आणि य च्या किमतींचं कोष्टक भरलेलं, खजुरी बाजारातून आणलेला ग्राफ पेपर कोरा करकरीत, पेन्सिलीला सुईसारखं टोक. आणि ठिपके मात्र राजवाड्यासमोर लावलेल्या स्कूटरींसारखे, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे उभे. मग खोडरबर निघतो. पट्टी बदलते. दुसरा कागद येतो, तिसरा येतो. तेच ठिपके पुन्हा तितक्याच काळजीने तिथेच पडतात, कारण कागद निर्दोष असतो. गडबड त्याच्या आधी, कोष्टकात झालेली असते.

म्हणून पट्टी उचलण्याआधी मी एक गोष्ट करायला लावते. कोष्टकाच्या खाली एक तिसरी ओळ ओढायची आणि तिच्यात य च्या लागोपाठच्या किमतींमधला फरक लिहायचा. पाच किमती असतील तर चार फरक. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मागच्या वर्षी नववीतला एक मुलगा हे घेऊन आला होता. समीकरण होतं य = ५ − २क्ष.

क्ष : −२, −१, ०, १, २
य : १, ३, ५, ३, १

त्याने काढलेला आलेख फार सुंदर होता. दोन्ही बाजूंनी उतरतं घराचं छप्पर, शेंडा बरोबर ५ वर. त्याचं म्हणणं, "काकू, हे सीधी रेषेचं समीकरण नाहीये, पुस्तकात चूक आहे." मला ही चूक आवडते, कारण ती नीटनेटकी आहे. वेड्यावाकड्या ठिपक्यांचा संशय तरी येतो. इथे सगळं इतकं सममित दिसतं की संशयच येत नाही.

फरकाची ओळ लिहायला लावली: २, २, −२, −२. सरळ रेषेत क्ष एकेकाने पुढे जातो तेव्हा य ने प्रत्येक वेळी सारखंच पाऊल टाकायला हवं. इथे पाऊल शून्याशी येऊन उलटं फिरलंय. फरक शून्याशीच चिन्ह बदलत असतील, तर क्षच्या ऋण किमती टाकताना वजाचं चिन्ह खाल्लं गेलं असं बेलाशक समजावं. त्याने क्ष = −२ साठी ५ − ४ = १ केलं होतं. वजा दोन त्याला दिसला होता, पण समीकरणातला वजा आणि किमतीतला वजा हे दोन वेगळे वजा आहेत हे हाताला कळलं नव्हतं. कंस घातला की हात आपोआप थांबतो: ५ − २(−२) = ५ + ४ = ९. किमती झाल्या ९, ७, ५, ३, १ आणि फरक −२, −२, −२, −२. छप्पर गेलं, उतार आला.

किंमत टाकताना कंस घालायचाच, क्ष धन असला तरी. मुलं कुरकुरतात, "काकू, इतना टाइम नहीं मिलता." मिळतो. तीन कागद खोडण्यापेक्षा नक्कीच कमी लागतो.

फरकाची ओळ नुसती "चूक आहे" एवढंच सांगत नाही, कुठे आहे तेही सांगते. य = ३क्ष − ४ साठी एका मुलीने लिहिलं होतं:

क्ष : −१, ०, १, २, ३
य : −७, −४, −१, ३, ५

फरक ३, ३, ४, २. एक जागा एकाने जास्त, लगेच पुढची एकाने कमी. म्हणजे त्या दोघांच्या मध्ये जी किंमत बसली आहे तीच चोर: क्ष = २ ची. ३ × २ − ४ म्हणजे २, तिने ३ लिहिलं. बाकीच्या चार किमती पुन्हा तपासायची गरजच नाही. तिन्ही-चारही फरक वेगवेगळे आले तर मात्र पूर्ण कोष्टक खोडा, तिथे डागडुजी करत बसू नका.

क्ष सारख्या अंतराने घेतलेला नसेल तर नुसता फरक पुरत नाही. त्याच समीकरणात क्ष = ०, २, ५ घेतले तर य = −४, २, ११. फरक ६ आणि ९, आणि मुलगा घाबरतो. पण क्षने आधी २ घरं चाललीत, मग ३. ६ ला २ ने भागा, ९ ला ३ ने. दोन्हीकडे ३. हाच रेषेचा चढ, आणि "य = ..." अशा मांडणीत तो क्षच्या आधी लिहिलेलाच असतो.

चढ वरून आठवलं. आमच्याकडची निम्मी भांडणं गणिताची नसतातच, शब्दांची असतात. महाराष्ट्रातल्या आत्याकडून आलेल्या जुन्या पुस्तकात बिंदूचे "निर्देशक" असतात; इथल्या हिंदी पुस्तकात "निर्देशांक". एकदा मी सवयीने "या बिंदूचे निर्देशक सांग" म्हटलं तर पोरगं हसत सुटलं, कारण त्याच्या लेखी निर्देशक म्हणजे सिनेमाचा डायरेक्टर. आपला आरंभबिंदू तो त्यांचा मूलबिंदु, आपला चढ ती त्यांची ढाल किंवा प्रवणता, आपलं कोष्टक ती त्यांची सारणी. घरी मराठीत शिकवणाऱ्या आईबाबांनी आधी मुलाच्या पुस्तकातला शब्द कुठला ते बघावं. चूक समजावताना तिसरा शब्द आणला की मुलाला वाटतं ही चौथीच काहीतरी भानगड.

"काकू, कोष्टक बरोबर आहे, तरी रेषा चुकली"

असंही होतं. फरक सारखे आहेत, ठिपके एका रेषेतही आहेत आणि उत्तर चूक. यात पट्टी दगा देते, कारण पट्टीला फक्त सरळपणा कळतो.

पहिला संशय अदलाबदलीचा. (१, ३) हा (३, १) म्हणून टाकला. एखादाच ठिपका उलटा पडला तर तो रेषेबाहेर जातो आणि पकडला जातो. पण सगळेच उलटे टाकले तर? य = ५ − २क्ष चे सगळे ठिपके उलटून बघा, ते पुन्हा एका सरळ रेषेतच येतात, फक्त ती रेषा वेगळ्या समीकरणाची असते. पट्टी म्हणेल छान. म्हणून एक खूण ठेवायची: क्ष = ० ठेवल्यावर जो आकडा उरतो, रेषेने उभ्या अक्षाला तिथेच छेदलं पाहिजे. य = ५ − २क्ष मध्ये तो आकडा ५ आहे. तुमची रेषा उभ्या अक्षाला अडीचवर छेदत असेल आणि आडव्याला ५ वर, तर निदान झालं. (०, ५) सारखे अक्षावरचे बिंदू सगळ्यात जास्त उलटे पडतात. शून्य दिसलं की मुलाला वाटतं "काही नाही", आणि तो उरलेला ५ घेऊन आडवा चालू लागतो.

दुसरा संशय प्रमाणाचा, आणि इथे जरा थांबते, कारण हा मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. अक्षावर खुणा करताना मूल ०, १, २ लिहितं, मग पाहतं की कागद संपत आलाय आणि पुढे ४, ६, ८ लिहितं, पण घरं तेवढ्याच अंतरावर ठेवून. मग कुठलीही तिरकी रेषा २ पाशी मोडते. कोष्टक स्वच्छ, ठिपके स्वच्छ, आणि रेषेला कोपर. रेषा एका ठरावीक जागी मोडत असेल तर आधी त्या जागेखालच्या अक्षावरचे आकडे मोठ्याने वाचा. कान पकडतो, डोळा पकडत नाही.

प्रमाण कोष्टक भरल्यावर ठरवायचं, आधी नाही. याला मी तापमानाचं उदाहरण देते, कारण त्यात दोन्ही अक्षांवरचे आकडे खूप वेगळे पळतात. फॅरनहाइट = १.८ × सेल्सिअस + ३२.

सेल्सिअस : ०, १०, २०, ३०, ४०, ५०
फॅरनहाइट : ३२, ५०, ६८, ८६, १०४, १२२

फरक प्रत्येक वेळी १८. उभ्या अक्षावर १२२ पर्यंत जायचंय. १ सेंटीमीटरला १० अंश धरले तर बारा सेंटीमीटरहून जास्त लागतील, १ सेंटीमीटरला २० धरले तर सहाच्या थोडं वर. आडव्यावर १ ला १० ठेवा. दोन अक्षांवर दोन प्रमाणं चालतात, फक्त कोपऱ्यात लिहून ठेवायची. एकाच अक्षावर दोन प्रमाणं चालत नाहीत. रेषा ३२ पासून सुरू होते, शून्यापासून नाही. निम्म्या मुलांची रेषा सवयीने आरंभबिंदूकडे ओढली जाते, तिथे बोट ठेवा.

याच रेषेवर ४० समोर १०४ आलाय ना? मे महिन्यातली इंदूरची दुपार आणि थर्मामीटरवरचा जो आकडा वाचून आईचं धाबं दणाणतं तो ताप, हे दोन्ही एकाच ठिपक्यावर. हे सांगितलं की हा आलेख मुलं विसरत नाहीत. आणि ही रेषा डावीकडे खाली वाढवत नेली तर एका जागी दोन्ही आकडे सारखे होतात, −४० ला. ते कोष्टकात नव्हतं. रेषेने दिलं.

"य पॉइंटमध्ये येतोय"

३क्ष + ४य = १० असं समीकरण आलं की मूल क्ष = ०, १, २ घेतं, कारण ते सवयीचे. य येतात २.५, १.७५ आणि १. आता १.७५ हा ठिपका १७ आणि १८ मिलिमीटरच्या मधोमध. पेन्सिलीचं टोकच त्याहून जाड. ठिपका थोडा वर, थोडा खाली, आणि रेषा थरथरते.

इथे चूक कोणाचीच नाही, निवड वाईट आहे. क्षच्या किमती आपण निवडायच्या असतात हे मुलांना कुणी सांगतच नाही; त्यांना वाटतं ०, १, २ हा सरकारी नियम आहे. दशांश नको असेल तर एक पूर्णांक जोडी डोळ्यांनी शोधा: क्ष = २, य = १, कारण ६ + ४ = १०. एक सापडली की पुढच्या फुकट. क्षमध्ये ४ मिळवा, य मधून ३ काढा: (६, −२). उलट दिशेने (−२, ४). ३ आणि ४ समीकरणातूनच आले, फक्त एकमेकांच्या जागी गेले. कारण क्ष ४ ने वाढला की ३क्ष १२ ने वाढतो, आणि य ३ ने घटला की ४य १२ ने घटतो. तराजू जिथल्या तिथे. तीन ठिपके मिळाले, तिन्ही घरांच्या कोपऱ्यांवर, आणि एकमेकांपासून लांब. लांब हवेतच. एका सेंटीमीटरवरच्या दोन ठिपक्यांतून ओढलेली रेषा कागदाच्या टोकाला जाईपर्यंत बोटभर सरकते.

कधी पूर्णांक जोडी सापडतच नाही. २क्ष + ४य = ५ मध्ये अर्धा तास शोधत बसलेली मुलगी मी पाहिली आहे. डावी बाजू पूर्णांकांत कायम सम येणार आणि उजवीकडे ५ विषम; जोडी असणारच नाही. मग अर्ध्यावर या: (०.५, १), (२.५, ०), (−१.५, २). अर्धं म्हणजे बरोबर ५ मिलिमीटर, ते ग्राफ पेपरवर जाड रेघेने छापलेलं असतं.

क्ष = ३ असं नुसतं समीकरण आलं तर कोष्टकात क्षच्या ओळीत सगळीकडे ३ आणि य वाट्टेल ते. उभी रेषा. पुढे चला.

वक्र असेल तर फरकाचाही फरक

दहावीत य = क्ष² − ३क्ष + १ सारखं आलं की फरकाची ओळ बघून मुलं पुन्हा घाबरतात.

क्ष : −१, ०, १, २, ३, ४
य : ५, १, −१, −१, १, ५

फरक −४, −२, ०, २, ४. सारखे नाहीत, आणि नसायलाच हवेत. पण त्यांच्या खाली अजून एक ओळ लिहा, फरकांचे फरक: २, २, २, २. क्ष चा वर्ग असलेल्या समीकरणात ही दुसरी ओळ सारखी येते. न आली तर कोष्टकात चूक आहे.

ही युक्ती माझी नाही, आणि नवी तर मुळीच नाही. आर्यभटाने ४९९ साली "ज्यां"चं, म्हणजे आजच्या साइनचं, जे कोष्टक दिलं, ते किमतींचं नाहीच, फरकांचंच आहे: २२५, २२४, २२२, २१९, २१५... असे चोवीस आकडे, शेवटचा ७. किमती हव्या असतील तर बेरीज करत जा. आणि त्या आकड्यांकडे बघा, ते किती सावकाश, किती शिस्तीत घटतात: १ ने, २ ने, ३ ने, ४ ने. मध्ये एखादा आकडा नकलून घेताना चुकला असता तर तिथे लगेच खड्डा दिसला असता. जुने ज्योतिषी ज्या उज्जैनपासून रेखांश मोजत ते आमच्यापासून दीड-दोन तासांवर, दर श्रावणात आमची गाडी महाकालला जाते. एकदा त्या प्रवासात मी मागच्या सीटवरच्या तीन मुलांकडून चोवीसच्या चोवीस आकडे बेरजेने मोजून घेतले. ३४३८ आले तेव्हा सांवेर मागे पडलं होतं. नंतर त्यांनी माझ्या गाडीत बसणं बंद केलं, ते सोडा.

पुन्हा आपल्या कोष्टकाकडे. क्ष = १ ला −१ आणि २ ला पण −१. मूल काय करतं? पट्टीने दोन्ही जोडतं आणि वक्राचा तळ परातीसारखा सपाट होतो. काहीजण सगळेच ठिपके पट्टीने जोडतात, मग तो आलेख राहत नाही, पतंगाचा कागद होतो. दोन शेजारच्या किमती सारख्या आल्या की वळण त्यांच्या मध्ये लपलंय असं समजायचं आणि मधली किंमत काढायची. क्ष = १.५ ठेवा: २.२५ − ४.५ + १ = −१.२५. तळ तिथे आहे. तो ठिपका टाकल्यावर हात आपसूक गोल फिरतो. या वक्राला मराठीत अन्वस्त म्हणतात, हिंदीत परवलय. मुलं पॅराबोला म्हणतात आणि सगळ्यांचं भागतं.

जेव्हा कोष्टक खरं बोलून फसवतं

आता माझी फजिती. मी वर्षानुवर्षं सांगत आले होते की सरळ रेषेला दोन ठिपके पुरतात, तिसरा पहारेकरी; तिसरा रेषेवर बसला की निश्चिंत व्हा. अकरावीतली एक मुलगी य = क्ष³ − क्ष घेऊन आली. तिने −१, ०, १ घेतले होते. तिन्ही ठिकाणी य = ०. फरक ०, ०. तिसरा पहारेकरी हजर. तिने आडव्या अक्षावरच पट्टी ठेवून रेषा ओढली होती आणि वर "काकूंचा नियम" लिहिलं होतं.

कोष्टकात एकही चूक नव्हती. तिन्ही किमती अगदी बरोबर. चूक माझ्या नियमात होती: समीकरण रेषेचं आहे हे आधीच माहीत असेल तरच तिसरा ठिपका पहारेकरी, नसेल तर तो फितूरही असू शकतो. क्ष = २ ठेवलं तर ६, −२ ठेवलं तर −६. आणि मधल्या जागा: ०.५ ला −०.३७५, −०.५ ला +०.३७५. म्हणजे तो आलेख शून्याच्या डावीकडे छोटी टेकडी चढतो, उजवीकडे छोटा खड्डा उतरतो, आणि मग दोन्ही टोकांना सुसाट सुटतो. आम्ही जे तीन बिंदू पाहिले तिथेच नेमका तो अक्षाला शिवून गेला होता.

तेव्हापासून आधी समीकरणाकडे बघायला लावते. क्ष आणि य दोन्ही नुसते, घात नाही, आपसात गुणाकार नाही, भागाकारात खाली नाही: रेषा, तीन ठिपके पुरे. वर्ग असेल तर निदान पाच, आणि तळ किंवा शेंडा शोधूनच. घन असेल तर पूर्णांकांच्या मधल्या अर्ध्या किमतीही घ्या. क्ष छेदात असेल तर आधी छेद कुठे शून्य होतो ते शोधून तिथे लाल पेन्सिलीने उभी तुटक रेघ मारा.

ही लाल रेघ य = ६/क्ष साठी. −३, −२, −१ ला −२, −३, −६ आणि १, २, ३ ला ६, ३, २. क्ष = ० ला किंमत नाही, म्हणून मुलं ते घर रिकामं ठेवतात, आणि मग जोडताना (−१, −६) पासून (१, ६) पर्यंत बेधडक पट्टी लावतात, आरंभबिंदूतून! रिकाम्या घरावरून रस्ता काढला. त्या घराजवळ जाऊन बघा: ०.५ ला १२, ०.१ ला ६०. आलेख वर पळतोय, शून्याकडे येतच नाही. दोन वेगळे तुकडे आहेत, ते तसेच वेगळे ठेवायचे. रिकामं घर दिसलं की ते "विसरलेलं" नाही ना, हे आधी स्वतःला विचारा.

य = |क्ष − २| मध्ये (उभ्या रेघा म्हणजे आतलं उत्तर ऋण आलं तर वजा काढून टाकायचा) उलटी गंमत. फक्त २, ३, ४, ५ घेतले तर ०, १, २, ३ आणि अगदी सरळ रेषा. −१ पासून सुरुवात केली की इंग्रजी व्ही. नववीतल्या मुलाला चुकून मिळालेलं छप्पर इथे, उलटं होऊन, खरंच असतं.

बाबांच्या लॅपटॉपवर

मोठी मुलं कोष्टक एक्सेलमध्ये भरतात आणि तिथे दोन खास खड्डे आहेत. चार्ट घालताना "लाइन" निवडला की एक्सेल क्षच्या किमतींना आकडे मानत नाही, नावं मानतो आणि सारख्या अंतरावर मांडतो. य = २क्ष + १ साठी क्ष = ०, १, २, ५, १० घेतले, य = १, ३, ५, ११, २१, आणि रेषा पुढे जाऊन अचानक उभी चढते. वर सांगितलेली ०, १, २, ४, ६ वाली चूकच, आता संगणकाने केलेली. कधी तर तो क्षच्या स्तंभाचीच आणखी एक रेषा काढून ठेवतो. "स्कॅटर" निवडा. त्यातला गुळगुळीत रेषेचा प्रकार शाळेच्या कामाला टाळा, तो ठिपक्यांच्या मध्ये स्वतःच्या मनाने फुगतो.

दुसरा खड्डा वजाचा. य = −क्ष² साठी एक्सेलमध्ये बरोबरच्या चिन्हापुढे लगेच वजा, मग घराचं नाव, मग घात दोन असं लिहिलं तर तो आधी वजा लावतो, मग वर्ग करतो; ३ ला −९ ऐवजी ९ देतो. वर्गाला कंसात टाका आणि वजा कंसाबाहेर ठेवा. सायंटिफिक कॅल्क्युलेटर नेमका उलट: −२ टाइप करून वर्गाचं बटण दाबलं तर −४ देतो, कारण तो आधी वर्ग करतो. −२ चा वर्ग हवा तर −२ ला कंसात घाला. दोन यंत्रं, दोन रीती, औषध तेच, कंस.

साइनचा आलेख दातेरी, वेडावाकडा आला तर कॅल्क्युलेटरच्या वरच्या कोपऱ्यात बघा. साइन ३० ला ०.५ ऐवजी −०.९८८ दाखवत असेल तर तो अंशांत नाही, रेडियनमध्ये आहे. एक्सेलला तर कायम रेडियनच कळतात.

एवढं सगळं जमलं की मुलांचा पुढचा प्रश्न, रेषा कुठे थांबवायची. समीकरण नुसतं असेल तर दोन्ही टोकांना बाण करून कागद संपेपर्यंत न्यायची. पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यात कोंडायची नाही. पण गोष्ट दुकानातली असेल तर विचार करावा लागतो. मी उदाहरण दिलं होतं: पोह्यांची प्लेट २० रुपयांना, सोबत सगळ्यांत मिळून ३० रुपयांची जलेबी. य = २०क्ष + ३०. एक प्लेट ५०, दोन ७०, तीन ९०. म्हटलं, इथे ठिपके जोडू नका, दीड प्लेट कोण देणार.

"हाफ प्लेट मिळते की काकू," समोरून आवाज आला.

बरं, म्हटलं, मग ०.५ ला काय येईल ते काढ. त्याने काढलं, ४०. ठिपका रेषेवर टाकला, मग पेन्सिल तशीच धरून थोडा वेळ बघत बसला आणि म्हणाला, "पण आमच्या नाक्यावरचा हाफ प्लेट बाराला देतो. म्हणजे ४२." आणि आधीचा ठिपका खोडून त्याने रेषेच्या किंचित वर दुसरा टाकला. मी कोष्टक तपासलं. बरोबर होतं.